वल्ह्यांवरून धावणारा माणूस

१९८६ च्या मे महिन्यात रत्नागिरीच्या आमच्या घरी एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता. त्याबरोबर तीन कॅसेट मिळत. दोन हिंदी चित्रपट मोठ्यांनी आधीच ठरवले होते आणि तिसरी कॅसेट दुकानदाराने आपल्या मनाने पिशवीत टाकली होती. "समुद्राचं आहे, मारामारी आहे, पोरांना चालेल," एवढीच त्याची शिफारस होती. ती कॅसेट लावेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती, निम्मी भावंडे सतरंजीवर झोपली होती आणि जागे राहिलेल्यांत मी, आई, माझा थोरला भाऊ आणि बापूकाका एवढेच उरलो होतो. चित्रपट होता १९५८ सालचा 'द व्हायकिंग्ज'.

बापूकाका मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागले होते आणि पुढे सुखाणी झाले होते. त्यामुळे पडद्यावर पाणी दिसले की घरात शेवटचा शब्द त्यांचा असे. नट कर्क डग्लसने रंगवलेला आयनार लूट घेऊन गावी परततो, खाडीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून शिंगे फुंकली जातात, जहाज संथ होते, बाजूची वल्ही आडवी धरली जातात आणि हा गडी आनंदाच्या भरात जहाजाबाहेर उतरून एका वल्ह्यावरून दुसऱ्या वल्ह्यावर उड्या टाकत धावत सुटतो, हे दृश्य आले तेव्हा आम्ही दोघे भावंडे उठून बसलो. काकांनी मात्र तंबाखू चोळता चोळता निकाल दिला, "थापा आहेत सगळ्या. वल्हं म्हणजे काय जिन्याची पायरी आहे?"

त्यानंतर हा चित्रपट मी निरनिराळ्या वयांत आणखी तीन वेळा पाहिला. दर वेळी शेजारी दुसरे कोणीतरी होते आणि त्या प्रत्येकाचे मत ठाम होते. या मतांचा माझ्याकडे आता बराच साठा झाला आहे. तो चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ज्या ठिकाणी बघणाऱ्याने "हे खोटं" म्हणून हात झटकले, तिथे पुष्कळदा काहीतरी आधार निघाला; आणि ज्या ठिकाणी आम्ही सगळे निमूटपणे मान डोलावली, तिथेच चित्रपटाने आमच्या हातावर तुरी दिल्या होत्या.

चित्रपटाची हकीकत आधी थोडक्यात सांगते. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर. पपाय आणि बेटी बूप यांची व्यंगपटमालिका काढणाऱ्या मॅक्स फ्लायशर यांचा हा मुलगा. निर्मिती कर्क डग्लसच्या स्वतःच्या कंपनीची, आधार एडिसन मार्शल यांच्या कादंबरीचा. राग्नार हा व्हायकिंगांचा, म्हणजे समुद्रावरून धाडी घालणाऱ्या नॉर्वेकडच्या लोकांचा, सरदार इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया राज्यावर धाड घालतो, तिथल्या राजाला मारतो आणि राणीवर बलात्कार करतो. तिला होणारा मुलगा एरिक लहानपणीच दूर पाठवला जातो आणि नियतीच्या फेऱ्यात नेमका व्हायकिंगांच्याच गावी गुलाम होऊन पोचतो. राग्नारचा औरस मुलगा आयनार आणि हा एरिक एकमेकांचे हाडवैरी आहेत. आपण भाऊ आहोत हे त्यांना ठाऊक नाही. त्यात वेल्सची राजकन्या मॉर्गाना येते आणि दोघांचेही मन तिच्यावर जडते. एरिक झाला आहे टोनी कर्टिस, मॉर्गाना झाली आहे जॅनेट ली. ही दोघे त्या वेळी खऱ्या आयुष्यात नवरा-बायको होती. राग्नारच्या भूमिकेतला अर्नेस्ट बोर्गनाइन आपल्या पडद्यावरच्या मुलापेक्षा, म्हणजे कर्क डग्लसपेक्षा, जवळजवळ दीड महिन्याने लहान होता. हे कळल्यापासून मी त्या दोघांचे प्रसंग जरा वेगळ्या कुतूहलाने पाहते, पण खरे सांगायचे तर बोर्गनाइनच्या दाढीने आणि गडगडाटी हसण्याने वयाचा प्रश्न उरतच नाही.

बरेचसे बाह्यचित्रण नॉर्वेच्या हार्डांगर फ्योर्डच्या, म्हणजे कड्यांमधून आत शिरलेल्या खाडीच्या, परिसरात झाले. जॅक कार्डिफ या छायालेखकाने ते 'टेक्निरामा' या रुंद पद्धतीने टिपले; या पद्धतीत फिल्मची पट्टी कॅमेऱ्यातून आडवी सरकते, त्यामुळे प्रत्येक चौकटीला जागा अधिक मिळते आणि चित्र फार स्वच्छ उमटते. कार्डिफला ऑस्कर मिळाले होते ते १९४७ च्या 'ब्लॅक नार्सिसस'साठी. त्या चित्रपटातला सगळा हिमालय इंग्लंडमध्ये, बहुतांशी स्टुडिओत, काचेवर रंगवलेल्या चित्रांच्या मदतीने उभा केला होता आणि तो पाहून आपल्याकडचेही लोक फसतात. ज्या माणसाने खोटा हिमालय इतका खरा करून दाखवला, त्याच्याच हाती दहा वर्षांनी खरा फ्योर्ड आला. आणि तो इतका देखणा आहे की माझ्या भावाला तो पडदा रंगवून मागे लावल्यासारखा वाटला होता. व्हीसीआरच्या घासलेल्या फितीवर आणि आमच्या एकवीस इंची टीव्हीवर त्यातले काय उरले असेल ते असो.

आता वल्ह्यांकडे येते. आइसलँडच्या स्नोरी स्तुर्लुसोन याने तेराव्या शतकात नॉर्वेच्या राजांची चरित्रे लिहिली. त्यात राजा ओलाफ त्रिग्वासोन याच्या अंगच्या करामती वर्णन करताना त्याने लिहिले आहे की, माणसे जहाज वल्हवीत असताना हा राजा जहाजाबाहेरून वल्ह्यांवर पाय देत चालत जाई. शिवाय तो एकाच वेळी तीन सुरे हवेत खेळवी. स्नोरीने लिहिले म्हणजे ते घडलेच असे नाही. राजांच्या चरित्रकारांचा हात सगळ्याच देशांत सढळ असतो. पण ही कल्पना हॉलिवूडच्या कोणा लेखकाच्या डोक्यातून निघालेली नव्हती, ती त्या समुद्रावरच्या लोकांच्याच गोष्टींतून आलेली होती. दुसरे म्हणजे, कर्क डग्लसने हे दृश्य बदली माणूस न घेता स्वतः केले. चाळिशी ओलांडलेला, कंपनीचा मालक असलेला नट ओल्या लाकडावरून धावतो आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर दिसणारा आनंद अभिनयाच्या थोडा पलीकडचा आहे. त्या दृश्यात काही तरी खरे घडते आहे हे आम्हा पोरांना कळले होते, काकांना नव्हते.

काकांचे दुसरे मत जहाजाविषयी होते. एवढ्या कमी उंचीची, वरून उघडी होडी खाडीत ठीक आहे, पण ही घेऊन भर समुद्र ओलांडणे म्हणजे पोरखेळ, असे ते म्हणाले होते. याचे उत्तर मला २०१७ च्या जूनमध्ये मिळाले. कामानिमित्त ऑस्लोला गेले होते आणि एक मोकळी दुपार हाताशी होती. बिग्डॉय भागातल्या जहाजांच्या संग्रहालयात गोकस्टाडचे जहाज उभे होते. १८८० मध्ये एका टेकाडाखालून ते खणून काढले. लांबी २३ मीटरच्या वर, रुंदी ५ मीटरच्या आसपास, वल्ह्यांच्या सोळा जोड्या. पांढऱ्या कमानीच्या दालनात ते काळे लाकूड एकटेच होते आणि त्याच्या नाळेची वळलेली रेघ खालून वर जाताना कुठेही अडखळत नव्हती. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या आहेत. वल्हे बाहेर काढायला बाजूच्या फळीत गोल भोके आहेत आणि प्रत्येक भोकाला आतून एक लाकडी झाकण आहे, शीड उभारल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून. त्या झाकणाजवळ मी वाकले तेव्हा शेजारच्या पहारेकऱ्याने खाकरून मला मागे सरकण्याची सूचना केली. जहाजाच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूस, सुकाणूचे रुंद वल्हे लटकत होते. काका असते तर आधी तिथेच गेले असते.

१८९३ मध्ये याच जहाजाची प्रतिकृती बांधून माग्नुस आंदेरसेन या कप्तानाने ती बर्गनहून अटलांटिक ओलांडून अमेरिकेत नेली आणि शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दाखल केली. स्वामी विवेकानंद ज्या धर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्या गर्दीत हे जहाज त्यांच्या नजरेस पडले असेल का, असा एक निरर्थक विचार मनात येऊन जातो. कप्तानाची नोंद महत्त्वाची आहे: लाटांबरोबर जहाजाचा तळ थोडा वर-खाली होत होता, कडा पिळल्यासारख्या हलत होत्या, पण पाणी आत येत नव्हते. हे जहाज ताठ उभे राहत नाही, वाकते. आणि वाकते म्हणून टिकते. चित्रपटासाठी बांधलेली जहाजे याच घडणीची दिसतात. १९५८ च्या काही प्रेक्षकांना ती सजावट वाटली असेल, पण सगळ्या चित्रपटात सर्वांत प्रामाणिक वस्तू कोणती असे विचारले तर मी जहाजांकडे बोट दाखवीन.

शिरस्त्राणांचेही तेच. व्हायकिंग म्हटले की डोक्यावर शिंगे, हे चित्र आपल्या मनात इतके पक्के आहे की माझ्या भावाने त्या रात्री, "यांना शिंगं का नाहीत?" अशी तक्रार केली होती. शिंगांचा हा टोप १८७६ मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्यांसाठी वेशभूषा करणाऱ्या कार्ल एमिल डोप्लरमुळे लोकांच्या डोक्यात बसला. नॉर्वेत येर्मुन्डबू येथे १९४३ मध्ये सापडलेल्या व्हायकिंगकालीन शिरस्त्राणाला शिंगे नाहीत, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी कड आहे. चित्रपटाने शिंगे पिण्यासाठी आणि फुंकण्यासाठी ठेवली आणि डोक्यावर येऊ दिली नाहीत, याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

मग आम्ही मान कुठे डोलावली? पहिली जागा किल्ल्याची. नॉर्थम्ब्रियाच्या नव्या राजाचा, एलाचा, किल्ला समुद्रात घुसलेल्या खडकावर आहे, भोवती तट, बुरूज, वर उचलता येणारा पूल. रत्नागिरीच्या मुलांना तो लगेच ओळखीचा वाटला; भगवती किल्ल्यावरून खाली पाहिले की समुद्र असाच तीन बाजूंनी येऊन आदळतो. शेवटच्या हल्ल्यात वर उचललेल्या पुलाच्या फळ्यांत कुऱ्हाडी फेकून रुतवतात आणि आयनार त्यांना धरत वर चढतो, तेव्हा तर आमच्या भावाने टाळी वाजवली होती. लग्नानंतर हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला तो नवऱ्याबरोबर. तो शनिवार-रविवार गडांवर काढणारा माणूस आहे. त्याने तटावरच्या जंग्या पाहिल्या आणि चित्र थांबवायला लावले. "हे नवव्या शतकातलं नाही. चौदाव्याच्या अलीकडचं असलं तर बघ." त्याचे म्हणणे बरोबर होते. तो किल्ला म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचा फोर्ट ला लात, आणि त्याची बांधणी चौदाव्या शतकातली. नवव्या शतकातल्या नॉर्थम्ब्रियात संरक्षणाची मदार माती, लाकूड आणि रोमनांनी मागे टाकलेल्या जुन्या भिंतींवर होती. पुढचा तासभर नवऱ्याने कथा सोडून फक्त तट पाहिला. त्याला चित्रपट आवडला का, असे विचारल्यावर "किल्ला उत्तम राखलाय" हे उत्तर आले.

दुसरी जागा अस्वच्छतेची. राग्नारच्या दिवाणखान्यात मद्य सांडते आहे, हाडे फेकली जात आहेत, दाढ्या भिजल्या आहेत. रानटी म्हणजे असेच, असे आम्ही गृहीत धरले. आयनार तेवढा गुळगुळीत दाढी करतो आणि बाप त्यावरून त्याला टोमणा मारतो. कर्क डग्लसची प्रसिद्ध हनुवटी झाकायची नाही म्हणून केलेली ही सोय सरळ दिसते. प्रत्यक्षात व्हायकिंगांच्या थडग्यांत हाडाचे आणि सांबरशिंगाचे कोरीव कंगवे पुष्कळ सापडतात. एका इंग्रज इतिवृत्तकाराने तर पुढे लिहून ठेवले की हे डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात आणि त्यामुळे आमच्या बायकांवर भलताच प्रभाव पाडतात. नॉर्वेजियन भाषेत शनिवारचे नावच 'आंघोळीचा वार' अशा अर्थाचे आहे. त्या सोहळ्यातला सगळ्यात खोटा माणूस म्हणून ज्याच्याकडे आम्ही बोट दाखवले, तो दाढी केलेला आयनारच मुळाशी थोडा जवळचा निघाला.

तिसरी जागा शेवटाची. मेलेल्या आयनारला जहाजात ठेवून जहाज पाण्यात सोडतात, किनाऱ्यावरून पेटते बाण सुटतात, शीड पेट घेते आणि अंधाऱ्या पाण्यावर ती ज्वाळा सरकत जाते. हे पाहिलेल्या एकालाही शंका आलेली मला आठवत नाही. व्हायकिंगांचा अंत्यसंस्कार म्हणजे हाच, अशी जगभर जी समजूत आहे ती रुजवण्यात या दृश्याचा मोठा वाटा असावा. पण ऑस्लोच्या त्या संग्रहालयातली जहाजे जळली नव्हती, पुरली होती. आणि पुरली होती म्हणूनच मला पाहता आली. दहाव्या शतकात व्होल्गाकाठी गेलेला अरब वकील इब्न फदलान याने एका सरदाराचे जहाज जाळताना डोळ्यांनी पाहिले, पण ते जहाज जमिनीवर ओढून, लाकडांवर चढवून जाळले होते. पेटते जहाज समुद्रात सोडल्याच्या कथा आहेत, बाल्डर देवाची आणि हाकी राजाची. पण त्या पुराणकथा आणि दंतकथा आहेत. म्हणजे वल्ह्यांवरून धावणे आणि जळते जहाज सोडणे या दोन्ही गोष्टींचा आधार शेवटी एकाच जातीचा, जुन्या कथांचा. एकीला आम्ही थाप म्हटले आणि दुसरीला इतिहास. फरक एवढाच होता की पहिल्या वेळी आम्ही हसत होतो आणि दुसऱ्या वेळी गप्प होतो.

लांडग्यांच्या खड्ड्याचे दृश्य या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. जुन्या कथांत राग्नार लोडब्रोक याला एला राजा सापांच्या खड्ड्यात टाकतो आणि राग्नारच्या तोंडी घातलेले एक प्राचीन कवन 'हसत मरेन मी' अशा ओळीवर संपते. चित्रपटाने साप काढून लांडगे आणले. पण हसणे ठेवले. हात बांधलेला राग्नार खड्ड्याच्या काठाशी उभा आहे. हातात तलवार असताना मेले तरच ओडिन देवाच्या वालहालात, म्हणजे वीरांच्या स्वर्गात, प्रवेश, ही त्याची श्रद्धा. एरिकने त्याला पकडून आणलेले आहे, आणि तोच एरिक त्याचे दोर कापतो व आपली तलवार त्याच्या हाती देतो. बोर्गनाइन क्षणभर त्या तलवारीकडे पाहतो, मग ओडिनच्या नावाने गरजत, हसत आत उडी घेतो. खड्डा आपल्याला दिसत नाही, फक्त आवाज येतो. तलवार दिल्याबद्दल एला एरिकचा एक हात तोडायला लावतो. बाप कोण आणि मुलगा कोण हे दोघांनाही माहीत नसताना घडलेला हा देण्याघेण्याचा व्यवहार मला या चित्रपटातला सर्वांत उत्तम लिहिलेला भाग वाटतो. खऱ्या एला राजाचे म्हणाल तर तो ८६७ मध्ये यॉर्कच्या लढाईत मारला गेला.

टोनी कर्टिसविषयी मात्र मतभेद फार. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेल्या या नटाचे उच्चार इंग्रजी कान असलेल्यांना व्हायकिंग गुलामाच्या तोंडी खटकतात, अशी जुनी तक्रार आहे. आमच्यावर तिचा काडीचाही परिणाम झाला नाही. आम्हाला निम्मे संवाद कळतच नव्हते आणि उरलेले भाऊ कानात सांगत होता. आमच्या दृष्टीने सगळेच इंग्रज होते. सुरुवातीला नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा तो खर्जातला निवेदनाचा आवाज ऐकूनही काका म्हणाले होते, "हा बातम्या का देतोय?"

या सगळ्यात २०२० सालचा चौथा प्रयोग वेगळा ठरला. टाळेबंदीत मुलगी घरी अडकली होती, तेवीस वर्षांची. फेब्रुवारीत कर्क डग्लस १०३ वर्षांचा होऊन गेला होता, म्हणून मीच म्हटले की त्याचा एखादा चित्रपट लावू आणि मोठ्या हौसेने हा निवडला. शिंगे वाजली, वल्ह्यांवर आयनार धावला, ती हसली. मग दिवाणखान्यातला तो खेळ आला: बायको चारित्र्यवान आहे की नाही याची परीक्षा म्हणून तिच्या वेण्या फळीला ठोकतात आणि त्या तोडण्यासाठी कुऱ्हाडी फेकतात. सगळा दिवाणखाना हसतो. मुलगी हसली नाही. पुढे आयनार मॉर्गानाच्या खोलीत जातो आणि तिने प्रतिकार करावा अशीच त्याची इच्छा असल्याचे सांगतो, तेव्हा तिने रिमोट उचलून चित्र थांबवले.

"बघायला हरकत नाही," ती म्हणाली, "पण ह्यात मला हसायला लावतायत, त्याला हरकत आहे."

मी तिला काळाचा दाखला दिला. १९५८ साल, नवव्या शतकाची कथा, धाडी आणि लूट असेच असणार. ती म्हणाली की नवव्या शतकाबद्दल तिची तक्रारच नाही, तक्रार पार्श्वसंगीताबद्दल आहे. मला उत्तर सुचले नाही. तिने नेमके बोट ठेवले होते: कथा अत्याचाराने सुरू होते, एरिकचा जन्मच त्यातला आहे, आणि तरीही राग्नारचे गडगडाटी हसणे आपल्याला इतके आवडून जाते की सुरुवातीची ती राणी दहा मिनिटांत विसरली जाते. मी चार वेळा पाहूनही तिचे नाव मला आठवत नव्हते. ते ईनिड आहे. मुलीने शोधून सांगितले.

आणि त्याच क्षणी मला १९८६ ची रात्र वेगळी आठवली. वेण्यांच्या प्रसंगाला आई उठून स्वयंपाकघरात गेली होती. रात्रीचा एक वाजून गेला होता आणि तिने चहा टाकला होता. कोणी मागितला नव्हता. आम्हाला तो मिळाला याचाच आनंद झाला, काकांनी बशीत ओतून प्यायला, आणि आई पुन्हा येऊन बसली तेव्हा पडद्यावर समुद्र होता. त्या रात्रीची सगळ्यांची मते मला पाठ आहेत. तिचे मत म्हणजे तो चहा होता, हे कळायला चौतीस वर्षे गेली.

ऑस्लोला गोकस्टाडच्या शेजारच्या दालनात उसेबर्गचे जहाज होते, इसवी सन ८३४ च्या सुमारास पुरलेले, नाळेवर गुंतागुंतीचे कोरीव काम असलेले. त्यात चारचाकी गाडी, घसरगाड्या, खाटा, विणकामाची साधने असा थाट निघाला. आत दोन व्यक्ती पुरलेल्या होत्या आणि दोघीही स्त्रिया होत्या. व्हायकिंगांच्या सापडलेल्या थडग्यांतले बहुधा सर्वांत श्रीमंत थडगे हेच. चित्रपटात अशा स्त्रीला जागा मिळते ती कितालाच्या रूपाने. ती पाषाणांवरच्या रून या प्राचीन लिपीतून भविष्य सांगते आणि तिच्यापुढे राग्नारसुद्धा दबकून वागतो. तिचे प्रसंग मोजकेच आहेत. मुलीने त्यानंतर चित्र पुन्हा सुरू केले आणि शेवटपर्यंत पाहिले, तेव्हा तिला आवडलेले पात्र कोण हे विचारावे लागले नाही.

शेवटच्या द्वंद्वाविषयी तिचे आणि माझे एकमत झाले, आणि हे एकमत मला मोलाचे वाटते. बुरुजाच्या माथ्यावर आयनार आणि एरिक लढत आहेत. एकाचा डोळा दुसऱ्याच्या ससाण्याने फोडलेला, दुसऱ्याला हात नाही. एरिकची तलवार मोडते, तो खाली पडतो, आयनार वार करायला तलवार उचलतो आणि थांबतो. हा आपला भाऊ आहे हे त्याला नुकतेच मॉर्गानाकडून कळलेले असते. वार होत नाही. त्या एका क्षणात एरिक मोडक्या तलवारीचा तुकडा त्याच्या पोटात खुपसतो. संवाद नाही, खुलासा नाही. एरिकला तो का थांबला हे कळतही नाही. माझ्या भावाचे मत होते की खलनायक असा गाढवासारखा थांबणार नाही, नायकाला जिंकवण्यासाठी केलेली ही युक्ती आहे. पण आयनार नुसता खलनायक असता तर कर्क डग्लसने ती भूमिका स्वतःकडे कशाला ठेवली असती? आख्खा चित्रपटभर जो माणूस कशासाठीही थांबत नाही, तो तिथे थांबतो, आणि त्याच्या चेहऱ्याची जी अर्धी बाजू शाबूत आहे तिच्यावर रागाच्या जागी गोंधळ येतो. मुलगी म्हणाली की ह्या एका थांबण्याने आधीचे काही माफ होत नाही. पण ते दृश्य तिने मागे नेऊन पुन्हा पाहिले.

मग एरिक आपल्या वैऱ्याच्या हाती तलवार ठेवतो, जशी त्याने राग्नारला दिली होती. आणि जहाज, बाण, ज्वाळा. त्यातले काही खरे नाही हे मला आता माहीत आहे. तरी मी गप्पच बसते.

दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीला फोन लावला. बापूकाका ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येते, पण समुद्राचा विषय काढला की कान लागतात. मी त्यांना 'तो वल्ह्यांवरून धावणारा' अशी आठवण करून दिली. ती त्यांना होती. मग स्नोरीने ओलाफ राजाविषयी काय लिहिले आहे ते मराठीत सांगितले, माणसे वल्हवीत असताना हा बाहेरून चालत जायचा, तेराव्या शतकात लिहून ठेवलेले आहे. चौतीस वर्षांनी मी वाद जिंकत होते. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"राजा होता ना तो?"

"हो."

"वल्हवणारे काय म्हणाले, ते लिहिलंय?"

"नाही, तसं काही नाही लिहिलेलं."

"हां," काका म्हणाले. "बघ मग."